हळदीतलं माप

"नट बोटानंच वर जाते जी, मामाजी," असं जावई म्हणाला आणि मला तोंडातला घास गिळता येईना.

एवढंच झालं होतं. एकोणऐंशीच्या दिवाळीतला पाडवा, भंडाऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत लेकीचा पहिला दिवाळसण. पाटाभोवती रांगोळी, जावई, खुशाल त्याचं नाव, नव्या टेरिकॉटच्या शर्टात अवघडून बसलेला, आणि माझी बायको चंद्रकला त्याच्या ताटात अनारशावर अनारसा वाढते आहे, तो नको नको म्हणतो आहे, ललिता दारात उभी राहून हसते आहे. खुशाल नाकाडोंगरीच्या पलीकडच्या एका खाणीत कामाला. जमिनीखाली छताला आधार देणाऱ्या टोळीत. छतात भोक पाडायचं, त्यात हातभर लांब बोल्ट ठोकायचा, खालून पत्र्याची जाड चकती लावायची आणि नट कसायचा. असे शेकडो बोल्ट डोक्यावरचा दगड धरून ठेवतात. ते बोल्ट आमच्या कारखान्यातून जातात. आता सासऱ्यासमोर बसून जावई काय बोलणार? सासऱ्याच्या कारखान्याचं कौतुकच करणार. तो म्हणाला, पहिले तर तेल टाकून पान्ह्यानं कसावं लागे, दंड भरून येत. दसऱ्यानंतरचा माल आला तो मात्र एक नंबर. हात लावला की नट सरसर वर. चंद्रकलेनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू ते नट मीच माझ्या हातांनी घडवले. मी पाण्याचा पेला उचलला, घास खाली ढकलला आणि आवाज साधा ठेवून विचारलं, नट बाजूनं हलतो का थोडा? तो विचारात पडला. हलते थोडासा, म्हणाला, पण कसल्यावर बसते. मग त्यानं अनारसा मोडला.

माझं काय काम आहे ते आमच्या गल्लीत कोणाला नीट ठाऊक नाही. कारखान्यात आहेत, चेकिंग करतात, एवढंच. बावीस वर्षं मी एका टेबलाशी बसून आटे तपासतो. आटा म्हणजे बोल्टच्या अंगावरची ती फिरत जाणारी रेघ, तिच्यात काय तपासायचं, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. नागपूरला एका वर्कशॉपात दादाजी मिस्त्रींच्या हाताखाली लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर एक बोल्ट आणि एक नट टाकला आणि म्हणाले, लाव. मी लावला. दोन फेऱ्या गेला आणि अडला. मी पान्हा उचलला तशी त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली. बोल्ट होता बारा मिलिमीटरचा आणि नट अर्ध्या इंचाचा. दिसायला सख्खे भाऊ. पण इंचवाल्याचा आटा पंचावन्न अंशांत कापलेला, मिलिमीटरवाल्याचा साठ अंशांत, आणि दोन आट्यांमधलं अंतरही वेगळं. आडमुठा माणूस पान्ह्यानं ओढतो, नट जातोही वर, आणि मग दोघांचेही आटे मरतात. त्या काळात इंचांच्या जोडीला मिलिमीटर येऊ लागले होते, प्रत्येक पेटीत दोन्ही मिसळलेले. दादाजी कंगव्यासारख्या दातांच्या पोलादी पात्या बोल्टवर टेकवून खिडकीकडे धरायचे. मधून उजेड दिसला की वंश वेगळा. आधी वंश ओळख, मग गेज निवड, असं ते म्हणायचे. वंश, अंतर, आणि तो नट किती सैल चालणार आहे. या तीन गोष्टी न विचारता जो कपाटातून गेज उचलतो त्यानं घरी जाऊन भाकरी भाजाव्या. मी पोरगेला होतो, मला त्यांचा रागच यायचा. पण हात मात्र त्यांचाच घेतला.

गेज म्हणजे दोन रिंगा. आतून आटे पाडलेल्या, पोलादाच्या, तळहातावर मावणाऱ्या. एक 'गो'. ती बोल्टवर शेवटपर्यंत सहज गेली पाहिजे. नाही गेली तर बोल्ट जाड. दुसरी 'नो-गो'. ती दोन फेऱ्यांपुढे जाताच कामा नये. गेली तर बोल्ट अंगानं उतरलेला, त्याचे आटे नटाला नुसते टेकणार, धरणार नाहीत. वजन आलं की सोलून निघणार. गो सगळ्यांना आवडते, कारण ती माल पुढे जाऊ देते. नो-गोवर सगळे चिडतात. आमचा मशीनवरचा तेजराम तर तिला माझी सासू म्हणायचा. मला मात्र तीच आवडायची. माणसंही मी तशीच तपासत आलो, खोटं कशाला बोलू. ललितेला सांगून आलेली चार स्थळं मी परतवून लावली. एक बोलण्यात सैल, एकाचा बाप सैल. खुशालला मी तीनदा जाऊन पाहिला. त्याच्या क्वार्टरमध्ये त्याची हत्यारं पुसून ओळीनं लावलेली होती, ते पाहून हो म्हटलं. आमच्याकडे लोक म्हणतात, जागेश्वररावांनी पाहिलं म्हणजे झालं. ते ऐकायला मला फार गोड वाटतं, हे आज कबूल करतो.

जेवण झाल्यावर सगळे जरा आडवे झाले आणि मी चपला घातल्या. चंद्रकलेनं विचारलं, सणाच्या दिवशी कायले जाता? मी म्हटलं, किल्ली राहिली. कारखाना भाऊबीजेपर्यंत बंद होता, चौकीदारानं फाटक उघडलं. आत मशीनी गप्प उभ्या आणि त्यांच्या अंगावर दसऱ्याच्या झेंडूच्या माळा अजून तशाच, वाळून काळ्या पडलेल्या. त्या माळा पाहिल्या आणि माझ्या पोटात जे काही घासासोबत अडकून बसलं होतं त्याला नाव मिळालं. खंडेनवमी. दरवर्षी मशीनी धुतो, पुसतो, आणि मापाची सगळी हत्यारं लाल कपड्यावर मांडून पूजा करतो. पूजेला मीच बसतो, मालक भैय्यालालजी मानच देतात मला. यंदाही मी बसलो. हळद-कुंकू नारळाच्या पाण्यात कालवलं आणि अंगठ्यानं प्रत्येकाला लावलं, पान्ह्यांना, पात्यांना, रिंगांना. रिंगांना जरा जास्तच, आतून-बाहेरून, कारण माझी भाकरी तीच. वर अक्षता. पूजेतलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नाही ही रीत. दोन दिवस ते सगळं तसंच वाळत पडलं. दरवर्षी मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रॉकेल आणि ब्रश घेऊन एकेक आटा धुतो. यंदा खाणीची मागणी घाईची होती, सहाशे बोल्ट, आणि मालक म्हणाले, जागेश्वरराव, टेबल लवकर लावा. मी रिंगा धोतराच्या सोग्यानं पुसल्या. बाहेरून चकचकीत झाल्या.

आणि मग काय झालं ते मी त्या बंद कारखान्यात, कपाटाची किल्ली हातात धरून, पहिल्यापासून पाहिलं. पहिला बोल्ट आला. गो त्याच्यावर चढेना. दुसरा, तिसरा, तेच. मी काय करायला हवं होतं? रिंग डोळ्यांसमोर धरून आत पाहायला हवं होतं. मी मान वर न करता तेजरामला ओरडून सांगितलं, "बोल्ट जाड येऊन राहिले, डाय कस." आटे कापणाऱ्या डायला बाजूनं एक बारीक स्क्रू असतो, तो कसला की डाय मिटते आणि खोल कापते. तेजरामनं कसला. मग गो गेली. दोनशे बोल्टांवरून जा-ये करून तिच्यातली हळद आपोआप घासून निघाली असणार, म्हणून ती पुढे लोण्यासारखी जायला लागली आणि मला वाटलं, काय छान डाय बसली आहे. बोल्ट मात्र बारीकच येत राहिले. ते पकडायला नो-गो होती. ती एकाही बोल्टवर गेली नाही. कशी जाईल? तिच्यात तर हळद वाळून दगड झाली होती. ती कशावरच जात नव्हती म्हणून तिची हळद घासली जात नव्हती, आणि हळद होती म्हणून ती जात नव्हती. जिचं कामच न जाणं आहे ती गेली नाही, याचा संशय कोणाला येणार? सहाशेपैकी एकही बोल्ट मी नाकारला नाही. मालकांनी माझ्या गळ्यात हार घातला होता, चारचौघांत.

कपाट उघडलं. नो-गो खिडकीच्या उजेडात धरली. आत पिवळट-लाल कवच, आणि पहिल्याच आट्यात तांदळाचा एक दाणा अडकलेला. मी तो नखानं काढायला गेलो, निघेना. रॉकेलनं धुतली, ब्रश फिरवला, पुसली. नमुन्याला ठेवलेला त्या लॉटमधला एक बोल्ट घेतला. लावली. दोन फेऱ्या. तिसरी. चौथी. ती थांबावी म्हणून मी हात काढून घेतला तर स्वतःच्या वजनानं खाली गेली आणि आटे संपतात तिथं जाऊन बसली. मी तिथंच माझ्या स्टुलावर बसलो आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मला त्या टेबलाची भीती वाटली.

तिथून मी सरळ मालकांकडे गेलो. हे सांगतो, कारण पुढे मी जे केलं ते ऐकून कोणाला वाटेल, हा बोललाच नाही. मी बोललो. भैय्यालालजींच्या घरी पाडव्याची गर्दी होती, त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, चिवड्याची बशी पुढे केली. चांगला माणूस आहे हो. वाईट असता तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हळदीचं ऐकून तर कपाळाला हात लावला, आणि मग हळूच म्हणाले, "जे छताले लागले ते लागले, जागेश्वरराव. एकेक बोल्ट काही एकटा नसते. आता काढा म्हणलं त कारखान्याचं नाव जाते, तीस घरं जातेत. अन् पूजा तुमच्या हातची, सही तुमची. मी त तुमाले काही म्हणत नाही." शेवटचं वाक्य त्यांनी किती मायेनं म्हटलं! मी काही म्हणत नाही. त्या वाक्यानं दार बाहेरून लावून टाकलं. कारखाना उघडला की डाय सैल करून घ्या, रिंगा नीट धुवा, झालं, असं ते म्हणाले. मी चिवडा खाल्ला. खरंच खाल्ला, बशी रिकामी केली आणि हात पुसून घरी आलो.

घरी खुशाल चंद्रकलेला पापडाच्या डब्याचं झाकण बसवून देत होता. आटे झिजलेलं झाकण, रोज माझ्याच्यानं बसत नाही. त्यानं कागदाची पट्टी घालून बसवलं आणि ललितेकडे पाहून हसला. सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. मी समोर बसलो, त्याला खाणीतलं विचारू लागलो. ते बोल्ट कुठं लावले? नव्या गॅलरीत, म्हणाला, आमी रोज तिथूनच जातो जी. सगळे लागले? निम्म्याच्या वर लागले. आवाज वगैरे येतो का छतातून? तो हसला. छत बोलतच असते मामाजी, सवय होते. मी हं म्हटलं. मला त्याला सांगायचं होतं, आणि त्याच वेळी हेही हवं होतं की त्यानं मला मामाजी म्हणताना जसं पाहिलं तसंच पुढेही पाहावं. दोन्ही एकदम हवं होतं. माणूस असा कुठं अडकतो, तर एवढ्याशा जागेत. त्याला सांगावं तर तो खाणीत सांगणार, मग तीस घरं. नाही सांगावं तर एक घर, माझं. मी मोजत बसलो. मोजण्यापलीकडे मला दुसरं येतंच काय?

भाऊबीजेला लेकीनं तिच्या मावसभावांना ओवाळलं आणि दुसऱ्या दिवशी मी दोघांना एस्टी स्टँडवर सोडायला गेलो. रुमालात ती नो-गो बांधून नेली होती. कारखान्यात जुन्या रिंगांची दुसरी जोडी होती, हिची उणीव आठवडाभर कोणाच्या लक्षात येणार नव्हती. मनात ठरवलं होतं, खुशालच्या हातात देईन आणि म्हणेन, लावलेल्या बोल्टचं जे टोक नटाखाली उरतं त्याच्यावर ही चढवून पाहा, पार गेली तर तो बोल्ट खोटा. तीन वाक्यं. बस लागली, सामान चढलं, ललितेनं खिडकीची जागा धरली. मी रुमाल त्याच्या हातात दिला. त्यानं सोडून पाहिलं. "कायचं होय जी?" मी म्हटलं, कामाचं आहे, जवळ ठेवा. त्यानं ती डोळ्यांना लावली आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. कंडक्टरनं घंटी मारली. बस वळेपर्यंत ललिता हात हलवत होती. मी स्वतःला सांगितलं, हुशार आहे पोरगा, लावून बघेलच. रुमाल दिला, माझं काम झालं. असं मी स्वतःला पंधरा-वीस दिवस सांगत होतो. डाय सैल केली, रोज रिंगा धुतल्या, इतक्या धुतल्या की तेजराम म्हणाला, आता झिजवता काय? सकाळी पेपर आला की आधी आतलं पान उघडायचो. खाणीची बातमी नाही पाहून चहा घ्यायचो. मग उद्याचं पान.

मग ललितेचं पोस्टकार्ड आलं. चंद्रकलेला वाचता येत नाही, मीच मोठ्यानं वाचत होतो. आम्ही सुखरूप आहोत. धान कापून झालं म्हणून यांच्या घरून मोह-मुरमुरे आले. बाबांनी दिलेली लोखंडी रिंग यांनी देव्हाऱ्यात ठेवली आहे. बाबांच्या हातची बावीस वर्षांची वस्तू आहे म्हणतात. मी रोज तिला हळद-कुंकू वाहते. हे तिच्या पाया पडल्याशिवाय ड्युटीवर जात नाहीत. मी वाचता वाचता थांबलो. चंद्रकला म्हणाली, पुढे काय लिवलं? पुढे काही नव्हतं, मोठ्यांना नमस्कार होता. मी कार्ड तिच्या हातात दिलं, पिशवीत नमुन्याचा तो बोल्ट टाकला आणि स्टँडवर गेलो.

तुमसरला बस बदलली, पुढे खाणीच्या ट्रकनं. क्वार्टरवर पोचलो तेव्हा खुशाल पहिल्या पाळीला खाली होता. ललिता पाणी घेऊन आली, चहा टाकते म्हणाली, मी देव्हाऱ्याशी गेलो. अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि मधे माझी नो-गो. आतून-बाहेरून लाल-पिवळी, आटे दिसतही नव्हते. वर झेंडूचं एक ताजं फूल. मी ती उचलली, न्हाणीत गेलो, चिमणीतलं रॉकेल घेतलं आणि दात घासायच्या ब्रशानं घासू लागलो. ललिता मागे येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता.

"बाबा, देवाचं काहून धुऊन राहिले?"

"देव नोहे बेटा. माप आहे."

तिला काही समजलं नाही, पण तिनं पुसायला फडकं दिलं. लहानपणापासून तिला माझा आवाज कळतो. मी रिंग पुसली, उजेडात धरली, पुन्हा धुतली, आणि बोल्ट घेऊन खाणीच्या फाटकाकडे चालायला लागलो. भोंगा झाला. पहिली पाळी वर येऊ लागली, सगळ्यांचे चेहरे एकाच धुळीनं काळे, कोणाला ओळखावं कळेना. मी एकेक चेहरा पाहत होतो आणि एकही खुशालचा नव्हता. मग एक जण वाकून माझ्या पायाशी आला. मामाजी, तुमी कायले आले जी, सगळं ठीक ना? मी त्याच्या हातात बोल्ट दिला, दुसऱ्या हातात रिंग. म्हटलं, चढवा. त्यानं चढवली. ती सरसर गेली आणि आटे संपतात तिथं जाऊन बसली. हत्यारं ओळीनं लावणारा माणूस तो. त्याला शिकवावं लागलं नाही.

"हे जायले पाहिजे का?"

"दोन फेऱ्या. त्याच्या वर नाही."

"हा दसऱ्यानंतरचा माल?"

"हो."

"अन् सही?"

"माझी."

त्यानं रिंग बोल्टवरून उतरवली. मग त्यानं ते विचारलं ज्याच्या भीतीनं मी स्टँडवर तीन वाक्यं गिळली होती.

"दिवाळीत माहीत होतं तुमाले?"

"पाडव्याच्या दुपारपासून."

त्यानं मला शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. त्याचे डोळे धुळीत फार पांढरे दिसत होते. मागल्या पंचवीस दिवसांत तो जितक्या वेळा त्या गॅलरीतून गेला असेल तितके सगळे दिवस तो माझ्यासमोर उभा राहून मोजत होता असं मला वाटलं. मग त्यानं रिंग माझ्या हातात परत दिली, आणि मामाजी म्हटलं नाही.

"मी त वर आलो," तो म्हणाला. "ते जाऊन राहिले."

मी वळून पाहिलं. दुसरी पाळी दिवे लावून रांगेत उभी होती. पुढचा माणूस बिडी विझवत होता, कोणीतरी कोणाची तरी टिंगल करत होतं. टाइमकीपर हजेरीची वही घेऊन फाटकात उभा. मी चालत गेलो आणि त्याच्या शेजारून पुढे होऊन फाटकाच्या मधोमध उभा राहिलो. रिंग हातात वर धरली. टाइमकीपरनं मला वर-खाली पाहिलं, कोणाचा तरी नातेवाईक असेल असं त्याला वाटलं असावं.

"काका, बाजूला व्हा," तो म्हणाला. "पाळी जाऊन राहिली."

मी बाजूला झालो नाही.